पायथनमध्ये रोज गायब होणारा ‘ठ’: फाइल वाचण्या-लिहिण्यातल्या चुका कशा शोधायच्या

नारायण पेठेतल्या एका मेसचे डबे पुण्याच्या बऱ्याच भागांत जातात. तिथे जेवणाऱ्या, बीसीएच्या पहिल्या वर्षातल्या एका मुलीने मेसवाल्या काकूंना छोटासा पायथन प्रोग्राम लिहून दिला. साधी टेक्स्ट फाइल, ओळीत आधी भागाचं नाव, मग स्वल्पविराम, मग डब्यांची संख्या. प्रोग्राम ती फाइल वाचतो, आजचे आकडे मिळवतो, सगळी फाइल परत लिहितो आणि एकूण डबे सांगतो.

बेरीज रोज बरोबर यायची. पण रात्री व्हीएस कोड या एडिटरमध्ये फाइल उघडली की ‘सदाशिव पेठ’च्या जागी ‘सदाशिव पे’ आणि पुढे काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह. ‘नारायण पेठ’ आणि ‘शनिवार पेठ’चंही तेच. हडपसर, कोथरूड, औंध, वारजे मात्र जसेच्या तसे. ती रोज हाताने ‘ठ’ टाइप करून ठेवायची, दुसऱ्या दिवशी प्रोग्राम चालला की तो पुन्हा गायब.

दोन आठवड्यांनी तिने शब्दांच्या कडेची मोकळी जागा छाटणारं ‘स्ट्रिप’ काढून बघितलं आणि ‘ठ’ टिकायला लागला. सगळं खापर स्ट्रिपवर फुटलं, प्रश्न मिटला असं वाटलं. मग कात्रजचे डबे सुरू झाले. तिने फाइलमध्ये ‘कात्रज’ची ओळ घातली आणि प्रोग्राम वाचतानाच कोसळला. ‘युनिकोडडिकोडएरर’. ‘चारमॅप’ कोडेकला, म्हणजे बाइटची अक्षरं करणाऱ्या भागाला, ‘८डी’ हा बाइट उलगडता येत नाही, असा निरोप.

रविवारी सकाळी मी कोथरूडमध्ये काही मुलांच्या पायथनच्या अडचणी सोडवायला बसते, तिथे ती लॅपटॉप घेऊन आली. पहिला प्रश्न हाच: “ताई, कात्रजमध्ये असं काय आहे?”

कात्रजमध्ये जोडाक्षर आहे. ‘ठ’ जाणं आणि कात्रजवर अडणं, दोन्हींचं मूळ एकच आहे. मराठी मजकूर फाइलमध्ये ठेवणाऱ्या प्रत्येक नवशिक्याला ते कधी ना कधी गाठतंच, म्हणून आधी ते सविस्तर सांगते. (पायथनचे शब्द मी इथे देवनागरीत लिहिते आहे. प्रोग्राममध्ये ते अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायचे.)

‘ठ’ कुठे जातो

डिस्कवर अक्षरं नसतात, बाइट असतात, म्हणजे ० ते २५५ मधले आकडे. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. काना, मात्रा, उकार, पाय मोडायचं हलन्त, ही सगळी स्वतंत्र चिन्हं धरली जातात. ‘पुणे’ आपल्याला दोन अक्षरांचं दिसतं, पायथनचं लांबी मोजणारं ‘लेन’ त्याला चार म्हणतं आणि डिस्कवर ते बारा बाइट घेतं. व्हीएस कोड फाइल यूटीएफ-८ मध्येच ठेवतो, तेव्हा तिची फाइल निर्दोष होती.

चूक फाइल उघडणाऱ्या ‘ओपन’मध्ये होती. एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये मांडायची पद्धत, कुठलं ते तिने लिहिलंच नव्हतं. ते लिहिलं नाही तर विंडोजवर पायथन संगणकाची जुनी ठरलेली पद्धत घेतो आणि आपल्याकडच्या इंग्रजी विंडोजवर ती साधारणपणे सीपी-१२५२ असते. ही पश्चिम युरोपातल्या भाषांसाठी केलेली पद्धत, तिच्यात एक बाइट म्हणजे एक अक्षर. म्हणजे आपल्या प्रत्येक चिन्हाची तीन-तीन परकी चिन्हं होतात आणि ‘हडपसर’ची प्रोग्रामच्या पोटात अगम्य माळ होते.

मग इतके दिवस चाललं कसं? चुकीच्या पद्धतीने वाचलं आणि त्याच चुकीच्या पद्धतीने परत लिहिलं, म्हणून डिस्कवर पुन्हा तेच बाइट उतरले. आकडे इंग्रजी अंकांत होते, ते दोन्ही पद्धतींत सारखेच असतात, त्यामुळे बेरीज बिनचूक. प्रोग्राम भागांची नावं पडद्यावर कधी छापतच नव्हता. एकदा जरी छापली असती तरी पहिल्याच दिवशी कळलं असतं.

आता ‘ठ’. बाइट सोळाच्या पटीतल्या (हेक्साडेसिमल) अंकांत लिहितात, तसे त्याचे तीन बाइट आहेत ‘ई०’, ‘ए४’ आणि ‘ए०’. यातला शेवटचा ‘ए०’ सीपी-१२५२ मध्ये न तुटणारी मोकळी जागा म्हणून वाचला जातो. स्ट्रिपचं कामच कडेची मोकळी जागा छाटणं, त्याने ती छाटली. ‘ठ’चा तिसरा बाइट गेला, उरलेल्या दोन बाइटचं अक्षर होत नाही, म्हणून ते प्रश्नचिन्ह. शब्दाच्या मध्ये ‘ठ’ असेल तर काही होत नाही. शब्द ‘ठ’ने संपला तरच घात होतो, आणि पुण्यात ‘पेठ’ने संपणारी नावं कमी नाहीत. स्ट्रिप बिचारं आपलं काम चोख करत होतं, ते काढणं ही वरवरची मलमपट्टी होती.

आणि कात्रज. सीपी-१२५२ मध्ये पायथनच्या लेखी पाच बाइटना काही अर्थच नाही: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. हलन्ताचा शेवटचा बाइट नेमका ८डी. ह्रस्व उकाराचा ८१, ‘ए’चा ८एफ, ‘ऐ’चा ९०, ‘झ’चा ९डी. म्हणजे एखादं जोडाक्षर किंवा पहिला उकार आला रे आला की वाचन थांबलं. तिच्या यादीत तोवर हडपसर, औंध, बाणेर, धायरी, वानवडी, शनिवार पेठ अशीच नावं होती, या पाच बाइटपैकी एकही नसलेली. बुधवार पेठेत एखादं गिऱ्हाईक असतं तर ती पहिल्या दिवशीच अडली असती, आणि ते बरं झालं असतं.

स्वतः करून बघा. विंडोजवर यूटीएफ-८ फाइलमध्ये फक्त ‘पुणे’ लिहा आणि ती सीपी-१२५२ मध्ये वाचा. तक्रार ८१ या बाइटची येईल आणि जागा ५ सांगितली जाईल. शून्यापासून मोजलं तर ‘प’चे ०, १, २ आणि उकाराचे ३, ४, ५. एररमधला आकडा असा थेट अक्षरावर बोट ठेवतो. मुलं तो लाल मजकूर बघून घाबरतात आणि शेवटची ओळ न वाचताच बंद करतात, याचं मला फार वाईट वाटतं. उत्तर बहुतेक वेळा तिथेच लिहिलेलं असतं.

(चिन्हांचे बाइट असे का, असं विचारणाऱ्यांसाठी: यूटीएफ-८ ज्यावर चालतं त्या युनिकोड या जागतिक अक्षरयादीतली देवनागरीची मांडणी इस्की या भारतीय पद्धतीच्या १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेली आहे. इस्कीत एका चिन्हाला एकच बाइट पुरायचा.)

उपाय एका ओळीचा आहे. जिथे जिथे ‘ओपन’ आहे तिथे ‘एन्कोडिंग’ म्हणून ‘यूटीएफ-८’ लिहा. वाचताना आणि लिहितानाही. फक्त वाचताना लिहिलंत तर आगीतून फुफाट्यात: आता प्रोग्रामच्या हातात खरी मराठी अक्षरं आहेत, ती सीपी-१२५२ मध्ये बसत नाहीत, लिहिताना ‘युनिकोडएन्कोडएरर’ येतो आणि तोवर जुनी फाइल पुसलेली असते. ती का, ते पुढे सांगते.

‘ओपन’मध्ये ‘एरर्स’ला ‘इग्नोर’ सांगा, असा सल्ला सर्रास दिला जातो. कृपया तसं करू नका. त्याने तक्रार थांबते, पण न समजलेले बाइट गुपचूप टाकून दिले जातात. हिशोबाच्या फाइलमध्ये हे मला अजिबात चालत नाही.

मॅकवर आणि लिनक्सवर सहसा यूटीएफ-८ च असतं, म्हणून ‘मैत्रिणीच्या मॅकवर चालतं, माझ्याकडे नाही’ हे गाऱ्हाणं ऐकलं की मी आधी एन्कोडिंगच बघते. पायथन ३.१५ पासून सगळीकडे यूटीएफ-८ हेच मूळ धरायचं ठरलं आहे, पण तुमचा प्रोग्राम जुन्या आवृत्तीच्या संगणकांवरही चालणार आहेच. ते लिहायची सवय लावून घ्या. कुठे राहिलंय हे शोधायला ३.१० पासून एक सोय आहे: प्रोग्राम चालवताना ‘-एक्स’ पर्यायाबरोबर ‘वॉर्न_डिफॉल्ट_एन्कोडिंग’ दिलं की अशा जागांवर इशारा मिळतो.

फाइल आधीच बिघडली असेल तर पहिलं काम, तिची प्रत काढा. मूळ फाइल एडिटरमध्ये उघडून सेव्ह करू नका. सेव्ह केली की त्या प्रश्नचिन्हाचे स्वतःचे बाइट फाइलमध्ये जातात आणि मूळचे जे दोन उरले होते तेही हातचे जातात. प्रत ‘आरबी’ मोडमध्ये, म्हणजे कच्चे बाइट म्हणून वाचा. तिच्या एका जुन्या प्रतीत ‘ई०’, ‘ए४’ आणि लगेच स्वल्पविराम असं जिथे होतं, तिथे मध्ये ‘ए०’ घातला आणि तिन्ही पेठा परत आल्या. हे जमलं कारण काय हरवलं ते नेमकं माहीत होतं.

फाइल रिकामी झाली

लिहिण्याच्या ‘डब्ल्यू’ मोडमध्ये फाइल उघडली की त्याच क्षणी ती रिकामी होते. ‘राइट’ म्हटल्यावर नव्हे, उघडल्यावर. हे वाक्य मुलांना पाठ असतं, तरी चूक होते, कारण ती ‘ओपन’ प्रोग्रामच्या अगदी वर लिहून ठेवतात. मग मधे आकडा बदलताना ‘व्हॅल्यूएरर’ आला, नाहीतर वर सांगितलं तसं एन्कोडिंग अडलं, की नवं काही लिहिलं जात नाही आणि जुनं गेलेलं असतं. ‘डब्ल्यू+’ म्हणजे वाचायचं आणि लिहायचं दोन्ही, असं समजूनही बरेच जण फाइल घालवतात. तो मोडही आधी पुसतोच.

‘आर+’ पुसत नाही, पण त्याचा त्रास वेगळा. तो सुरुवातीपासून वर लिहीत जातो. नवा मजकूर जुन्यापेक्षा छोटा असेल तर जुन्याची शेपटी तशीच राहते आणि यादीच्या शेवटी अर्धवट ओळ लोंबकळते. नवशिक्यांनी ‘आर+’च्या वाटेला जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘ए’ मोड शेवटी भर घालतो. तो सुरक्षित आहे, पण प्रोग्राम दोनदा चालवला की सगळी यादी दोनदा येते. जुनी फाइल असेल तर हात लावायचाच नाही, असं हवं असेल तर ‘एक्स’ वापरा, तो ‘फाइलएक्झिस्ट्सएरर’ देऊन थांबतो.

काकूंच्या फाइलसाठी आम्ही केलं ते असं. आधी वाचण्याच्या ‘आर’ मोडमध्ये सगळं वाचून फाइल बंद केली. हिशोब पूर्ण केला. नवी यादी दुसऱ्याच नावाच्या फाइलमध्ये लिहिली, ती बंद केली, आणि अगदी शेवटी ‘ओएस’मधल्या ‘रिप्लेस’ने ती जुनीच्या जागी आणली. मधे कुठेही प्रोग्राम मेला तरी कालची फाइल शाबूत. चार ओळी जास्त लागतात, त्या लागू द्या. दुसऱ्याच्या रोजच्या धंद्याचा हिशोब आपल्या हातात आहे.

कधी फाइल रिकामी झालेली नसते, मजकूर अजून पोहोचलेला नसतो. ‘राइट’ने दिलेलं आधी मेमरीत साठतं आणि फाइल बंद करताना किंवा साठा भरल्यावर डिस्कवर जातं. प्रोग्राम ‘इनपुट’वर थांबलेला असताना फाइल उघडून बघितली तर ती कोरी दिसणारच. ‘क्लोज’पुढचा कंस विसरला तर पायथन चकार शब्द काढत नाही आणि फाइल बंदही करत नाही. ‘विथ’ वापरलंत तर या दोन्हींचा विचार करावा लागत नाही, फाइलचं काम आटोपलं की तो भाग तिथेच संपवा.

फाइल समोर दिसते, तरी सापडत नाही

‘फाइलनॉटफाउंडएरर’ आला की मुलं फाइलचं नाव पुन्हा पुन्हा टाइप करून बघतात. त्याऐवजी ‘ओपन’च्या आधी दोन ओळी घाला: ‘ओएस’मधलं ‘गेटसीडब्ल्यूडी’ छापा आणि ‘लिस्टडिर’ छापा. पहिलं सांगतं प्रोग्राम कुठे उभा आहे, दुसरं सांगतं तिथून त्याला काय काय दिसतं.

नुसतं नाव दिलं तर पायथन फाइल शोधतो ती चालू फोल्डरमध्ये, प्रोग्रामची फाइल जिथे ठेवली आहे तिथे नव्हे. पायथनबरोबर येणाऱ्या आयडल या एडिटरमध्ये चालवल्यावर बहुधा दोन्ही एकच असतात. व्हीएस कोडमध्ये मात्र तुम्ही जे फोल्डर उघडलं असेल ते चालू फोल्डर होतं. अख्ख्या सेमिस्टरचं फोल्डर उघडून आतल्या प्रोग्रामवर बटण दाबलं की फाइल हरवली. ‘पाथलिब’मधलं ‘पाथ’, त्याला प्रोग्रामचं स्वतःचं ठिकाण, म्हणजे ‘फाइल’ या शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोअर, आणि त्याचं ‘पेरेंट’, एवढं जोडून पत्ता केला की प्रोग्राम कुठूनही चालवा.

याच चुकीचा दुसरा चेहरा जास्त फसवा आहे. चुकीच्या फोल्डरमध्ये वाचायला गेलात तर निदान एरर येतो. लिहायला गेलात तर तिथे नवी फाइल निमूट तयार होते. ‘प्रोग्राम नीट चालतो पण फाइल बदलतच नाही’ असं कोणी म्हणालं, की बहुतेक वेळा त्या नावाच्या दोन फाइली संगणकावर असतात. आपण एक उघडून बघतो, प्रोग्राम दुसरीत लिहितो.

‘लिस्टडिर’ने यादी छापली की आणखी एक गोष्ट उघडी पडते. विंडोज ओळखीची एक्स्टेन्शन लपवतो. फाइलचं नाव बदलताना तुम्ही ‘डबे.टीएक्सटी’ लिहिलंत तर खरं नाव ‘डबे.टीएक्सटी.टीएक्सटी’ होऊन बसतं. फाइल एक्स्प्लोररमध्ये एक्स्टेन्शन दाखवायचा पर्याय आजच चालू करून ठेवा.

पत्त्यातल्या उलट्या तिरक्या रेघेचं थोडक्यात सांगते. तिच्यापुढे ‘एन’ आला तर नवी ओळ होते, ‘टी’ आला तर टॅब. ‘सी’ ड्राइव्हच्या ‘युजर्स’चा पत्ता तसाच चिकटवला तर मोठ्या ‘यू’मुळे प्रोग्राम सुरूच होत नाही, ‘सिंटॅक्सएरर’ येतो. अवतरणाआधी ‘आर’ लावा किंवा सुलटी तिरकी रेघ (/) वापरा, विंडोजवर ती चालते.

उरलेले काही घोळ

‘रीड’ दुसऱ्यांदा केलं की कोरी स्ट्रिंग येते. पुस्तकात बोट ठेवून शेवटापर्यंत आल्यासारखं आहे हे, बोट मागे न्यायला ‘सीक’ला शून्य द्या, किंवा पहिल्यांदाच मजकूर एका नावात धरून ठेवा. ओळींवर ‘फॉर’ फिरवून झाल्यावर पुन्हा फिरवलं तरी तेच.

ओळ वाचली की तिच्या शेवटी नव्या ओळीचं चिन्ह चिकटलेलं येतं. म्हणून फाइलमधलं ‘पुणे’ आणि तुमचं ‘पुणे’ सारखं निघत नाही. संशय आला की ‘प्रिंट’मध्ये ‘रेपर’ लावून छापा, लपलेलं सगळं दिसतं. शेवटची कोरी ओळ मजकुराचा आकडा करणाऱ्या ‘इंट’ला दिली की ‘व्हॅल्यूएरर’ ठरलेला, ती आधीच वगळा. मराठी अंकांना मात्र घाबरू नका: नीट वाचलेलं ‘१२’ ‘इंट’ला दिलं तर बारा मिळतात.

एक्सेलसाठी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली फाइल) करणाऱ्यांना विंडोजवर प्रत्येक ओळीनंतर एक कोरी ओळ दिसते. ‘ओपन’मध्ये ‘न्यूलाइन’ला रिकामी स्ट्रिंग द्या. एक्सेलमध्ये मराठी फुटलेली दिसत असेल तर लिहिताना ‘यूटीएफ-८-सिग’ वापरा, त्याने फाइलच्या सुरुवातीला एक खूण पडते आणि एक्सेलला ती कळते. उलट, अशी फाइल साध्या ‘यूटीएफ-८’ने वाचली तर ती न दिसणारी खूण पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटते, आणि ‘नाव’ असूनही ‘कीएरर’ येतो. ‘परमिशनएरर’ आला तर आधी एक्सेलमध्ये तीच फाइल उघडी आहे का बघा, मग बाकीचं. आणि आपल्या प्रोग्रामला ‘सीएसव्ही.पीवाय’ हे नाव कधीही देऊ नका, पायथन खऱ्या मॉड्यूलऐवजी तुमचाच प्रोग्राम उचलतो.

एका सवयीबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचं आहे. एरर नको म्हणून सगळ्याला ‘ट्राय’ लावून ‘एक्सेप्ट’मध्ये ‘पास’ लिहायचं, म्हणजे अळीमिळी गुपचिळी. कात्रजच्या दिवशी त्या मुलीच्या प्रोग्राममध्ये असं असतं तर प्रोग्राम एकही ओळ न वाचता पुढे गेला असता आणि रात्री काकूंच्या फाइलमध्ये शून्य डबे लिहून मोकळा झाला असता. पकडायचाच असेल तर जो एरर अपेक्षित आहे तेवढाच नावाने पकडा आणि काय झालं ते छापा.

एवढं करूनही अडलात तर विचारायला या, फक्त मोबाइलने काढलेला अर्ध्या पडद्याचा फोटो पाठवू नका. लाल मजकूर पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत कॉपी करा. त्याबरोबर पायथनची आवृत्ती, ‘गेटसीडब्ल्यूडी’ने छापलेलं फोल्डर, आणि बिघडलेल्या ओळीचे ‘आरबी’मध्ये वाचलेले बाइट द्या.